चार लाख तेरा हजार चार

चार लाख तेरा हजार चार. असं कुणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो चार एक तीन, शून्य शून्य चार; तेही घाईघाईने, कारण पलीकडे कुरिअरवाला फोन कानाला लावून उभा असतो. हा जुळे सोलापूरचा पिनकोड. गावातून विजापूर रस्त्याने निघालं, जुनी माणसं ज्याला कंबर तलाव म्हणतात तो संभाजी तलाव लागला, की आमचा भाग जवळ आला. पत्त्याची शेवटची ओळ म्हणून हा आकडा मी शेकडो वेळा लिहिला असेल. लग्नपत्रिकांवर, अर्जांवर, मुलीला पाठवलेल्या शेंगाचटणीच्या डब्यांवर. तो एक आकडा नसून एक संख्या आहे, हे माझ्या लक्षात यायला निवृत्तीनंतरची एक रात्र यावी लागली. आणि मी तर आयुष्यभर शाळेत गणितच शिकवलं.

रात्र पाण्याची होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते, आणि ती कधी पहाटे तर कधी मध्यरात्रीनंतर. त्या रात्री जागं राहायचं, मोटार लावायची, हौद भरून टाकी भरेपर्यंत पायरीवर बसायचं. मी बसले होते. जवळ कुरिअरचं एक रिकामं पाकीट पडलं होतं आणि हातात पेन्सिल होती. पाकिटावर सहा चौकोनांत सहा अंक छापलेले. सवयीने मी त्यांची बेरीज केली. चार आणि एक पाच, तीन आठ, शून्य, शून्य, आणि चार. बारा. मग बाराने त्या संख्येला भाग दिला, केवळ टाकी अजून भरली नव्हती म्हणून. बारा त्रिक छत्तीस, बारा चोक अठ्ठेचाळीस… भाग शेवटपर्यंत उतरत गेला आणि खाली शून्य राहिलं. भागाकार ३४४१७.

अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, अशा संख्येला एक नाव आहे: हर्षद संख्या. हर्ष देणारी. हे नाव देवळालीच्या एका शाळामास्तरांनी दिलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी मिळाली. आणि पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत मुलांना शिकवलं. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांना मात्र त्यांनी घरातल्या मुलांसारखी नावं ठेवली. हर्षद हे त्यांतलं सगळ्यात गोड नाव. पायरीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की हे नाव व्याख्येसाठी ठेवलेलं नाही; भागाकाराखाली शून्य आलं तेव्हा माणसाला जे झालं, त्याचंच ते नाव आहे.

मग मी सोलापूरचे बाकीचे पिनकोडही तपासले. आमचं जुनं घर गावात होतं, ४१३००१ मध्ये. त्या संख्येच्या अंकांची बेरीज नऊ, आणि नऊने भाग जातो. तीही हर्षद. ४१३००२, ४१३००३, ४१३००५, ४१३००६, यांपैकी एकही नाही. म्हणजे ज्या घरात मी वाढले ते आणि ज्या घरात म्हातारी होते आहे ते, दोन्ही हर्षदच. यात माझं काही कर्तृत्व नाही, टपाल खात्याचंही नाही. पण आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही.

टाकी भरली, मोटार बंद केली. झोप मात्र आली नाही. ३४४१७ ही संख्या डोक्यात घोळत राहिली. तिच्या पोटात काय असेल?

मुलांना मी शिकवत असे, की संख्या फोडायची तर लहान मूळ संख्येपासून सुरुवात करायची आणि धीर सोडायचा नाही. दोन आणि तीन तर बारामध्ये निघून गेले होते. पाचने जात नाही. सातने पाच उरतात. अकराने नाही, तेराने सहा उरतात, सतराने नऊ. स्वयंपाकघरातला दिवा लावून मी पाकिटाची मागची बाजू भरत गेले. एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. प्रत्येक वेळी बाकी. एकतीस आणि सदतीस, दोघांनीही सातच उरवले. त्रेपन्न आणि एकोणसाठ, दोघांनीही वीस. असल्या भागाकारात एक संथ लय असते, जात्यावर बसल्यासारखी. शंभरी ओलांडली. एकशे एक, एकशे तीन, एकशे सात, एकशे नऊ, एकशे तेरा. पाचापासून एकशे तेरापर्यंत अठ्ठावीस मूळ संख्यांनी नकार दिला. एकशे पंच्याऐंशीच्या पुढे जायची गरज नव्हती, कारण त्याच्या पुढच्या संख्येचा वर्ग ३४४१७ पेक्षा मोठा होतो. तिथपर्यंत कुणी सापडलं नाही तर ही संख्या स्वतःच मूळ. तसं वाटायलाच लागलं होतं. मग एकशे सत्तावीस. दोनशे चोपन्न, उरले नव्वद, खाली एक, आठशे एकोणनव्वद, उरले बारा, खाली सात, एकशे सत्तावीस. शून्य.

३४४१७ बरोबर १२७ गुणिले २७१.

मी पेन्सिल खाली ठेवली. १२७ आणि २७१. तेच तीन अंक. एकशे सत्तावीसमधला पुढचा एक उचलून मागे नेऊन ठेवा, दोनशे एकाहत्तर होतात. दोन्ही मूळ संख्या, दोन्हींच्या अंकांची बेरीज दहा. जुळे सोलापूरच्या आकड्याच्या पोटात जुळं होतं.

आमच्या भागाचं नाव जुळे का, तर जुन्या सोलापूरला जोडून दुसरं सोलापूर वसलं म्हणून. मूळ गावाच्या नावातही लोक संख्याच बघतात. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अभ्यासक सिद्धरामेश्वरांच्या सोन्नलगी या जुन्या नावाकडे बोट दाखवतात आणि मला त्यांचंच पटतं. पण सोळाची गोष्ट गावाने सोडलेली नाही. आणि गणितातलं जुळं म्हणजे वेगळंच. पाठ्यपुस्तकात त्याला जोडमूळ संख्या म्हणतात: ज्या दोन मूळ संख्यांत फक्त दोनचा फरक असतो त्या. पाच आणि सात, अकरा आणि तेरा. २६९ आणि २७१ हीसुद्धा अशीच जोडी. म्हणजे आमच्या २७१ला बाहेर एक सख्खं भावंड आहे. १२७ ला नाही. तिच्या एका बाजूला १२५, पाचचा घन. दुसऱ्या बाजूला १२९, त्रेचाळीस त्रिक. १२७ एकटीच उभी आहे. अशा जोड्या कधी संपतात का, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ साली यितांग झांग यांनी एवढं दाखवलं, की सात कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे इतरांनी ते अंतर काहीशेपर्यंत खाली आणलं. दोनपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

१२७ एकटी आहे खरी, पण तिचं कुळ मोठं. एक, दोन, चार, आठ असं दुप्पट करत सात वेळा धान्य मोजलं तर सगळं मिळून १२७ दाणे होतात. तिला चौसष्टने गुणलं की ८१२८, जिच्या सगळ्या लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते अशी परिपूर्ण संख्या. आणि २७१ ला ३६९ ने गुणून बघा: ९९९९९. म्हणून एकाला २७१ ने भागलं तर दशांशचिन्हानंतर ००३६९, ००३६९ असं पाच अंकांचं पालुपद अखंड चालू राहतं. कापरेकरांना असल्या आवर्ती दशांशांचं वेड होतं. त्यांच्या चक्रांवर त्यांनी पुस्तिका लिहिली.

पण मला ज्याने खरं हलवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. समोरच्या घरातल्या अक्का दारापुढे रांगोळी काढत होत्या. अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी. उदबत्तीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद त्यांच्याकडे किती वर्षांचा आहे कोण जाणे. गेरूने सारवलेल्या चौकोनावर तो अंथरायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद अलगद उचलायचा, खाली ठिपके. त्यांची नेहमीची रांगोळी तेरा ते सात. मधल्या ओळीत तेरा ठिपके, तिच्या वर आणि खाली बारा, मग अकरा, असं दोन्हीकडे सातपर्यंत. षटकोन तयार होतो. चहाचा कप हातात धरून मी उभ्याउभ्या बेरीज केली, तशी मास्तरकीची खोडच. सात ते बारा मिळून सत्तावन्न. वरचे सत्तावन्न, खालचे सत्तावन्न, मधले तेरा.

एकशे सत्तावीस.

कप तसाच राहिला. मग दुसऱ्या जुळ्यासाठी हिशोब केला. तेरा ते सातऐवजी एकोणीस ते दहा मांडली तर? दहा ते अठरा मिळून एकशे सव्वीस, त्याची दुप्पट दोनशे बावन्न, मधले एकोणीस. दोनशे एकाहत्तर. दोघीही रांगोळीच्या संख्या. मधोमध एक ठिपका, त्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. सहा वेढे दिले की १२७, नऊ वेढे दिले की २७१. मधमाशीला हे पोळ्यात येतं. लाकडी ठोकळे सात-सातच्या ओळीत रचून मोठा घन करा आणि कोपऱ्यातून त्याच्याकडे बघा: तीन बाजूंवर मिळून दिसणारे ठोकळे १२७. दहा-दहाचा घन केला तर २७१. सातचा घन वजा सहाचा घन, दहाचा घन वजा नऊचा घन. हे अंकांचे खेळ नव्हेत. आकाराची खरीखुरी गोष्ट आहे. माणसाला दहाऐवजी आठ बोटं असती, आपण वेगळ्या पद्धतीने मोजत असतो, तरी हे ठिपके एवढेच भरले असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हर्षद असणं, १२७ आणि २७१ यांत तेच अंक येणं, हे सगळं दहाच्या पाढ्याने लिहिण्याच्या आपल्या रीतीवर उभं आहे. रीत बदलली की जुळं नाहीसं होतं. म्हणूनच इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात असल्या गमतींना गणिताच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. ८७१२ आणि ९८०१ या चारअंकी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, हे उदाहरण घेऊन ते म्हणाले, की वर्तमानपत्राच्या कोड्यांसाठी हे ठीक, गणित्याला यात काही नाही. कापरेकरांनी आयुष्यभर जे केलं, त्याला विद्वानांकडून मिळालेलं उत्तर बहुधा हेच होतं. परिषदांना ते जात, आपले शोध मांडत. अनेकांना ते शाळामास्तरांचं मनोरंजन वाटे.

मला हार्डींचं म्हणणं समजतं, आणि तरीही पटत नाही. याच हार्डींना आजारी रामानुजनकडे जाताना टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस वाटला होता. रामानुजनने दोन घनांच्या दोन बेरजा दाखवल्या ते जगाला माहीत आहे. पण १७२९ च्या अंकांची बेरीज एकोणीस. एकोणिसाने भागा, एक्क्याण्णव येतात. एकोणीस आणि एक्क्याण्णव, एकमेकांची उलट रूपं. त्या टॅक्सीच्या पोटातही जुळं बसलेलं होतं. मोठी प्रमेयं दारातून आत येतात हे खरं. पण दार उघडायला आधी कुणीतरी उंबऱ्यावर रेंगाळावं लागतं. तीस-बत्तीस वर्षांच्या शिकवण्यात मी हे पाहिलं, की ज्या मुलाला प्रमेयाची भीती वाटते, त्याला वजाबाकीची गंमत दाखवली की ते पुढे सरकून बसतं.

ती वजाबाकी म्हणजे कापरेकरांचा सर्वांत मोठा शोध. कुठलीही चारअंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथून हलत नाही. हे त्यांना १९४६ साली सापडलं, १९४९ मध्ये त्यांनी ते मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा कुठे कापरेकर हे नाव जगभर गेलं. तोवर मास्तर सत्तरीला आले होते.

मी १९७२ घेतलं. सोलापुरात हे साल आठवतं ते दुष्काळासाठी. बाहत्तर म्हटलं की आजही थोरांच्या चेहऱ्यावर मिलो ज्वारीची भाकरी आणि खडी फोडायचं काम उभं राहतं. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे अधिकारी मराठी होते: श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि कवी, उलटसुलट वाचता येणारं विलोमकाव्य लिहिणारे. पहिला अंक विभागाचा, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला चार. पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. एकाच नावाची गावं, नाना लिप्यांतले पत्ते, वाचता न येणारी अक्षरं, या सगळ्यांतून पत्राला वाट दाखवायला सहा अंक. तर त्या १९७२ ची वजाबाकी: ९७२१ वजा १२७९, ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या पायरीला ६१७४. बाहत्तर सालाने पुरत्या सात पायऱ्या घेतल्या.

आता आमचा सहाअंकी आकडा. ४४३१०० वजा ००१३४४, आले ४४१७५६. पुढे ६२०८७४. पुढे ८५१७४२. सहाअंकी संख्यांना एकच मुक्काम नसतो. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि काही थांबतच नाहीत. मी वजा करत राहिले. ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि पुन्हा ८५१७४२. सातांचं रिंगण. जुळे सोलापूरचा आकडा त्या रिंगणात शिरतो आणि प्रदक्षिणा घालत राहतो.

सोलापूरच्या माणसाला सात आणि प्रदक्षिणा म्हटल्यावर काय आठवणार? संक्रांतीची यात्रा, आमचा गड्डा. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना घातलेला फेरा, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, मिरवणुकीच्या वाटेवर दोन्ही हातांनी काढलेल्या रांगोळ्या. त्या साताचा आणि वजाबाकीतल्या साताचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण मांडीवर पाकीट घेऊन सातवी वजाबाकी केली आणि पुन्हा तोच आकडा समोर आला, तेव्हा माझ्या कानांत हलग्या वाजल्या. कापरेकरांची जन्मतारीखही याच गड्ड्याच्या दिवसांत येते.

यंदा भोगीच्या आदल्या संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "बाई, तेरा ते सात काढून कंटाळा आला बघा. मोठी कुठली तरी सांगा की." मी घरातून नवा कागद आणला. आम्ही दोघींनी पट्टीने ओळी आखल्या, उदबत्ती पेटवली आणि एकोणीस ते दहाची भोकं पाडली. कागद दोनदा जळता जळता वाचला. पहाटे त्यांनी जुनी रांगोळी फाटकाच्या डाव्या अंगाला काढली आणि नवी उजव्या अंगाला. ऊन वर यायच्या आत मी दोन्ही मोजल्या. डावीकडे एकशे सत्तावीस ठिपके होते, उजवीकडे दोनशे एकाहत्तर.